फोन काढून घेणार नाही, आधी सांग तर खरं!

घरातल्या टीनएजरच्या मोबाइलचं काय करायचं, या प्रश्नावर गावांनी सायरन लावले, देशांनी कायदे केले. पण त्याला रात्री साडेअकराला भीती वाटली तर तो मेसेज कुणाला करेल? बहुतेक तुम्हालाच. कॉलेजमधल्या ताई-दादांसाठी ही एक छोटी तयारी.

सुट्टीला हॉस्टेलवरून घरी गेलं की पहिले दोन तास नुसते लाड असतात. आवडीची भाजी, 'किती वाळलीस गं', 'मेसचं जेवण बरं नाही का' वगैरे. तिसऱ्या तासाला आई मुद्द्यावर येते. आतल्या खोलीकडे मान वळवून हळूच म्हणते, ''बघ ना, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. जेवायला चार हाका माराव्या लागतात. आता तूच सांग त्याला, तुझं तरी ऐकेल.'' मग आपण मोठ्या जबाबदारीने आत जातो आणि पाच मिनिटांनी दोघं एकाच स्क्रीनवर रील्स बघून हसत असतात!

हा सीन बहुतेक घरांमध्ये सेम असतो. कुठे नववीतला भाऊ असतो, कुठे दहावीतली चुलतबहीण, कुठे शेजारच्या काकूंचा चिंटू. तक्रारही तीच असते. पण त्या तक्रारीतलं शेवटचं वाक्य आपण हसण्यावारी नेतो. 'तुझं तरी ऐकेल.' आई हे सहज बोलून जाते, पण तिचं निरीक्षण एकदम करेक्ट आहे.

आपणच का?

साधा हिशेब आहे. आपल्या आई-बाबांच्या हातात स्मार्टफोन आला तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते. फोनवर काय चालतं ते त्यांना आपणच शिकवलं. याउलट आज जी पोरं नववी-दहावीत आहेत त्यांची चौथी-पाचवी लॉकडाउनमध्ये मोबाइलवर झाली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'मोबाइलला हात लावायचा नाही' असं सांगणाऱ्या घरांनीच त्यांच्या हातात मोबाइल दिला. वर्ग, गृहपाठ, परीक्षा आणि मित्र, सगळं त्याच डब्यात. शाळा परत सुरू झाली, फोन मात्र हातातच राहिला.

आपण या दोघांच्या मध्ये उभे आहोत. डिस्कॉर्ड सर्व्हर म्हणजे काय हे आपल्याला माहिती असतं, आणि ओटीपी कुणाला सांगितला तर काय होतं हेही. 'घोस्ट' केल्यावर कसं वाटतं ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय भावाच्या नजरेत आपण अजून 'मोठी माणसं' झालेलो नसतो. बाबांसमोर जे बोलता येत नाही ते तो दादासमोर बोलू शकतो.

आणि या पोरांना मदतीची गरज आहे का? 'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२४' अहवालात १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना मोबाइल वापराबद्दल विचारलं गेलं. त्यातल्या ८२ टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्याआधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही करण्यासाठी फोन वापरणारे ५७ टक्के होते, तर सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के. इथपर्यंत आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. पुढचा आकडा मात्र थांबून वाचण्यासारखा आहे. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी एखादं प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं. स्वतःचं प्रोफाइल प्रायव्हेट करता येणारे होते ५५ टक्के आणि पासवर्ड बदलता येणारे ५८ टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे सोशल मीडियावर असलेल्या दहा पोरांपैकी चौघांना दार आतून लावून घेता येत नाही. रील टाकता येते, कडी लावता येत नाही. हे त्यांना शिकवणार कोण? शाळेतला कॉम्प्युटरचा तास अजून एमएस पेंटमध्ये अडकलेला आहे. आई-बाबांना स्वतःचं व्हॉट्सॲप डीपी बदलायला आपण लागतो. उरलं कोण?

सायरन, दंड आणि कायदा

मोठ्यांनी काही केलंच नाही असं नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवतंय? साधारण तीन हजार वस्तीचं गाव. २०२२ मध्ये तिथे ठरलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठला पुन्हा वाजेल. मधला दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन बघायचे. बातमी देशभर गाजली, परदेशातही पोहोचली.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाच्या ग्रामसभेने दुसरा रस्ता धरला. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी आणि मोडली तर दोनशे रुपये दंड.

दोन्ही गावांची तळमळ एकच होती, पण नियमात मोठा फरक आहे. वडगावच्या भोंग्याने फक्त पोरांना 'फोन ठेव' असं सांगितलं नाही. आईची मालिका थांबली आणि बाबांचं व्हॉट्सॲपही थांबलं. बांशीच्या ठरावात मात्र फोन फक्त पोरांनी ठेवायचा होता. कुठल्याही पंधरा वर्षांच्या मुलाला विचारा, यातला कुठला नियम त्याला फेअर वाटतो. उत्तर काय येईल हे सांगायला ग्रामसभा लागत नाही.

देशांच्या पातळीवर ऑस्ट्रेलियाने सगळ्यात मोठं पाऊल उचललं. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडिया प्लॅटफॉर्म्सवर अकाउंट ठेवता येत नाही. गंमत म्हणजे दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना आहे आणि तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. मुलाचा डेटा वापरायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचा ऑनलाइन माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शिवाय ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली. त्यामुळे तुमच्या भावाला टेलिग्रामवर कुणी 'शंभर लाव, हजार कमव' असली लिंक पाठवत असेल, तर ते प्रकरण बेकायदेशीर आहे एवढं त्याला नक्की सांगा.

हे सगळं चांगलंच आहे. पण कायदा कंपनीला धाक दाखवतो आणि भोंगा दीड तास वाजतो. उरलेले साडेबावीस तास घरातच निभावायचे असतात.

सुकी पुरी न देणारा भैया

भावाशी बोलायला बसलात की पहिलं वाक्य 'तुला कंट्रोल नाही' हे नको. कारण ते अर्धंच खरं आहे. दुसरा अर्धा भाग ॲप बनवणाऱ्यांच्या बाजूला आहे.

पाणीपुरीच्या गाडीवर प्लेट कधी संपते? भैया सुकी पुरी हातावर ठेवतो तेव्हा. ती पुरी म्हणजे खूण. संपलं, आता ठरव, अजून एक प्लेट हवी की पैसे देऊन निघायचं. पूर्वी वेबसाइटवरही अशी सुकी पुरी असायची. पानाच्या तळाशी पोहोचलं की 'पुढचं पान' दाबावं लागायचं आणि तेवढ्यात माणूस विचार करायचा. २००६ मध्ये आझा रस्किन नावाच्या डिझायनरने 'इन्फिनिट स्क्रोल' तयार केलं आणि पानाचा तळच गायब झाला. पुढे त्याने या गोष्टीबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली. आजचं रील्सचं फीड म्हणजे सुकी पुरी कधीच न देणारा भैया. तो वाढतच राहतो, आपण खातच राहतो.

त्यात प्रत्येक स्वाइपला चांगलंच काही मिळेल असं नसतं. चार रील्स बोअर, पाचवी भन्नाट. कधी मिळेल हे माहीत नसल्यामुळेच बोट थांबत नाही. लॉटरीच्या तिकिटाचं आकर्षण याच तत्त्वावर चालतं. स्नॅपचॅटची स्ट्रीक तुटेल म्हणून तापात फणफणताना भिंतीचा फोटो पाठवणारी पोरगी आणि गेममधलं 'डेली रिवॉर्ड' चुकेल म्हणून लग्नाच्या पंगतीत फोन उघडणारा पोरगा, दोघंही त्याच जाळ्यात आहेत.

आणि पंधराव्या वर्षी हे जाळं तोडणं जास्त अवघड असतं. 'आत्ता थांबावं' असं सांगणारा मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपासपर्यंत वेळ लागतो. मजा शोधणारा भाग मात्र त्याआधीच फुल्ल जोमात असतो. गाडीला ॲक्सिलरेटर जोरदार आणि ब्रेक अजून बसवायचा आहे, अशी अवस्था. (आपलाही ब्रेक अजून पूर्ण बसलेला नाही, हे विसरू नका!)

हे सगळं पोराला सांगितलं की त्याचा नूर बदलतो. 'तू वाया गेलास' हे ऐकल्यावर तो भांडतो. 'हे बघ, तुला कसं अडकवलंय' हे ऐकल्यावर तो कान टवकारतो. टीनएजरला कुणी आपल्याला बनवतंय हे कळलं की राग येतो. तो राग आपल्या कामाचा आहे.

खरी भीती कशाची?

आता जरा सीरियस मुद्दा. स्क्रीन टाइमवर घरात रोज भांडण होतं, पण खरा धोका वेगळ्याच दारातून येतो.

माझ्या मावसभावाचं सांगते, त्याला विचारूनच लिहितेय. आठवीत असताना एका बॅटल गेममध्ये त्याला कुणीतरी फुकट डायमंड्सची लिंक दिली. त्याने तिथे लॉगिन केलं आणि अकाउंट गेलं. पुढे त्याच माणसाने 'अकाउंट परत हवंय ना, मग बाबांच्या फोनवर आलेला नंबर सांग' असं सुरू केलं. नशिबाने त्याने तो ओटीपी दिला नाही. पण हे त्याने मला सांगितलं तेव्हा अकरा दिवस होऊन गेले होते. अकरा दिवस तो एकटाच त्या माणसाच्या मेसेजेसना उत्तरं देत होता. आधी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर म्हणाला, ''बाबांनी फोन काढून घेतला असता.''

हे एक वाक्य नीट ऐका. पोराला अनोळखी माणसाच्या धमकीपेक्षा घरच्यांची शिक्षा मोठी वाटत होती. आणि समोरच्या भामट्याला नेमकं हेच हवं असतं.

गेमच्या अकाउंटवर गोष्ट थांबली तर ठीक. पण सेक्स्टॉर्शनमध्येही हीच भीती वापरली जाते. पद्धत ठरलेली असते. इन्स्टावर एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या फोटोचं फेक प्रोफाइल फॉलो करतं. दोन दिवस गोड बोलणं, मग 'इथे नको, व्हॉट्सॲपवर ये'. मग फोटोची मागणी किंवा व्हिडिओ कॉल. पलीकडून कॉल रेकॉर्ड होतो आणि पाच मिनिटांत मित्रांच्या, मावशीच्या, क्लासच्या सरांच्या नावांचा स्क्रीनशॉट येतो. 'एवढे पैसे पाठव, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.' हल्ली तर खरा फोटोही लागत नाही. साध्या डीपीवरून एआयने बनावट नग्न फोटो तयार करून धमकावतात. हे मुलींसोबत होतं आणि मुलांसोबतही होतं. मुलगे तर 'लोक हसतील' म्हणून आणखीच गप्प बसतात.

अशा वेळी पोर कुणालाच सांगत नाही. मित्राकडून उसने घेऊन, आईच्या पर्समधून काढून पैसे पाठवतं. पैसे दिले की मागणी वाढते. शरमेने पोरं एकटी पडतात आणि टोकाचा विचार करण्यापर्यंत जातात. म्हणून मला वाटतं, ताई-दादाने द्यायचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द सेटिंग्जबद्दलचा नाहीच. तो हा आहे: ''काहीही झालं असेल, कितीही मूर्खपणा केला असशील, तरी मला सांग. मी फोन काढून घेणार नाही आणि आधी ओरडणार नाही.'' हा शब्द प्रॉब्लेम येण्याआधी द्यायचा असतो. नंतर उशीर होतो.

भाऊ किंवा बहीण खरंच येऊन बोलली, तर?

पहिल्या पाच मिनिटांत 'कशाला केलंस?' हा प्रश्न गिळून टाका. 'बरं झालं सांगितलंस' एवढंच म्हणा. मग पुढची कामं करा.

पैसे पाठवायचे नाहीत. आधी पाठवले असतील तर आणखी पाठवायचे नाहीत. चॅट डिलीट करायचं नाही. समोरच्याचं यूजरनेम, प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी आणि धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग अकाउंट रिपोर्ट आणि ब्लॉक करायचं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अठरा वर्षांखालच्या कुणाचा तसा फोटो असेल, तर 'पुरावा' म्हणून तो स्वतःच्या फोनवर घेऊ नका आणि कुणालाही फॉरवर्ड करू नका. असं साहित्य जवळ ठेवणंसुद्धा पोक्सो कायद्यात गुन्हा ठरू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. मूळ फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कॉल, तितकी पैसे मध्येच रोखले जाण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न सांगता तक्रार करायचीही सोय आहे. फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा वापरता येते. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटो-व्हिडिओसाठीच ती आहे. फोटो अपलोड करावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म्स त्या ठशावरून तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात.

आणि हो, आई-बाबांना सांगायचंच आहे. अल्पवयीन मुलाचं प्रकरण ताई-दादाने एकट्याने खांद्यावर घ्यायचं नसतं. पण ते सांगताना तुम्ही शेजारी बसा. 'आपण दोघं मिळून सांगू' या वाक्याने निम्मी भीती जाते. पोक्सोच्या प्रकरणात मुलाची ओळख गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, हेही घरच्यांना सांगा. 'पोलिसांत गेलो तर गावभर होईल' ही भीती त्यांनाच जास्त असते.

रविवारचा एक तास

प्रॉब्लेम होण्याआधीची तयारी मात्र मजेत होऊ शकते. एका रविवारी, चहा-पोह्यांनंतर, दोघांचे फोन समोरासमोर ठेवून बसा. त्याचा एकट्याचा नाही, दोघांचे. तुम्ही तुमच्या फोनवर करायचं, त्याने त्याच्या.

सुरुवात वयापासून करा. बऱ्याच पोरांनी अकाउंट उघडताना जन्मसाल मागे ढकललेलं असतं, त्यामुळे ॲपच्या लेखी तो तेवीस वर्षांचा घोडा असतो. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात 'टीन अकाउंट' आणलं. त्यात प्रोफाइल आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी लोकांचे मेसेज अडवले जातात, साठ मिनिटांनंतर 'आता बस' अशी आठवण येते आणि रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन्स गप्प राहतात. सोळा वर्षांखाली असेल तर हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. वय खोटं असेल तर यातलं काहीच मिळत नाही.

मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. लोकेशन शेअरिंग बंद. पासवर्ड बेस्ट फ्रेंडलाही द्यायचा नाही, 'ट्रस्ट नाही का माझ्यावर' म्हणणाऱ्या बीएफ-जीएफला तर मुळीच नाही. आणि नोटिफिकेशन्स साफ करा. खरा माणूस बोलवत असेल तर फोन वाजू दे, ॲप बोलवत असेल तर नको. या एका बदलाने फोन किती शांत होतो ते अनुभवून बघा.

बऱ्याच घरांत पोराचा स्वतःचा फोन नसतो, तो बाबांचाच असतो. तिथे प्रश्न वेगळा आहे. त्याच फोनवर बँक, यूपीआय आणि बाबांचे ऑफिसचे मेसेज असतात. गेम त्याच फोनवर खेळायचा असेल तर पेमेंट ॲप्सना वेगळं लॉक हवं आणि यूपीआयचा पिन पोराच्या जन्मतारखेचा नको.

आता झोप. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. फोन उशाशी असला की ती होत नाही. 'बेडरूमच्या बाहेर फोन ठेवा' हा सल्ला वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याला कसा द्यायचा? तिथे सोपा तोडगा म्हणजे सगळ्यांचे चार्जर एकाच जागी, टीव्हीखाली किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन तिथे झोपतात, बाबांचाही. गजरासाठी दीड-दोनशे रुपयांचं घड्याळ येतं.

तिच्यावर पहारा नको

घरात बहीण असेल तर एक वेगळी काळजी घ्यायला हवी. 'असर २०२४' मध्येच, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलग्यांपैकी साधारण ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये २७ टक्क्यांकडे. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलीचा फोन आधी काढून घेतला जातो आणि मुलाचा राहतो. परिणाम उलटा होतो. तिला कडी लावायची प्रॅक्टिसच मिळत नाही आणि कुणी त्रास दिला तर ती आणखी लपवते. दादा लोकहो, बहिणीचे फॉलोअर्स तपासत बसणं म्हणजे काळजी नव्हे. तिला ब्लॉक, रिपोर्ट आणि प्रायव्हेट ही तीन बटणं माहीत आहेत का, ते बघा.

हेच चोरून फोन तपासण्याबद्दल. तो आंघोळीला गेल्यावर चॅट वाचलंत आणि त्याला कळलं, तर पुढच्या वेळी तो दुसरं अकाउंट काढेल, ज्याचं नाव तुम्हाला कधीच कळणार नाही. पालकांना फॅमिली लिंकसारखं ॲप लावायचं असेल तर ते त्याच्यासमोर लावा, का लावतोय ते सांगा आणि वय वाढेल तशी सूट वाढेल हेही ठरवा.

'नको' ऐवजी 'चल'

बॅलन्स म्हणजे किती तास? सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नसतो. त्यापेक्षा फोनने कशाची जागा घेतली ते बघा. झोप पुरी होते का? मैदानावर किंवा गल्लीत खेळणं चालू आहे का? घरच्यांसोबत एक जेवण होतं का? समोर बसलेल्या मित्राशी गप्पा होतात का? याची उत्तरं 'हो' असतील तर अर्धा तास इकडेतिकडे झाला म्हणून आभाळ कोसळत नाही.

उत्तर 'नाही' असेल, तर रिकामी झालेली जागा भरायला काहीतरी द्यावं लागेल. 'फोन ठेव' म्हणणं सोपं, 'चल' म्हणणं अवघड. चल, टर्फवर एक जण कमी पडतोय. चल, ढोलपथकाचा सराव बघायला. चल, रविवारी गडावर. एवढं म्हणणारा दादा असेल तर निम्मं काम होतं.

आणि फोन चांगल्या कामालाही लावता येतो. रील्स बघणाऱ्या बहिणीला एडिटिंग शिकवा, गावच्या जत्रेवर तिला दोन मिनिटांचा व्हिडिओ करायला सांगा. गेमवेड्या भावाला स्क्रॅचवर स्वतःचा छोटा गेम बनवू द्या, ते मोफत आहे. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याच्या पानात भर घालता येते. नुसतं बघणारं बोट काहीतरी बनवायला लागलं की स्क्रीन टाइमचा अर्थच बदलतो.

कधी कधी मात्र आपलं समजावणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजारांच्या यादीत घेतला आहे. त्याच्या खुणा तीन: खेळणं थांबवता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, तेही साधारण वर्षभर. सुट्टीत आठवडाभर गेम खेळणारा प्रत्येक पोरगा त्यात येत नाही. पण शाळा सुटली, जेवण-आंघोळ सुटली, फोन मागितल्यावर हाणामारी होऊ लागली, तर वर्ष संपायची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचं खास क्लिनिक चालतं. जवळच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभागही पुरेसा आहे.

आधी आपला आकडा

शेवटचा मुद्दा थोडा टोचणारा आहे. हे सगळं सांगायला बसाल तेव्हा तो एकच प्रश्न विचारेल, ''तुझा स्क्रीन टाइम दाखव.'' दाखवा. साडेसहा तास असतील तर साडेसहा दाखवा. मग दोघं मिळून पुढच्या रविवारपर्यंत एक तास कमी करायची पैज लावा. हरणाऱ्याने पाणीपुरी द्यायची. वडगावचा भोंगा ऐकला गेला कारण तो सगळ्या घरासाठी वाजत होता. आपल्या घरात भोंगा नाही, पण पहिला फोन कुणी खाली ठेवायचा हे तर आपल्याला ठरवता येतं.

आणि पैजेच्या आधी तो शब्द द्यायला विसरू नका. आज रात्री जेवणानंतर, सहज, गप्पांच्या ओघात. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

चौकट : हे नंबर धाकट्याच्या फोनमध्येही सेव्ह करा

१९३० : ऑनलाइन पैशांची फसवणूक झाल्यास, लगेच
१०९८ : चाइल्डलाइन, अठरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलासाठी
११२ : जिवाला धोका वाटत असेल तर
१४४१६ : टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठी मोफत, चोवीस तास, मराठीतही
आणि पाचवा नंबर तुमचा. त्याच्या स्पीड डायलवर.